सागावरचे थर: निजामी परभणी, निर्मलचे नक्काश आणि जुन्या लाकडी सामानाच्या रंगाची कथा

१.
परभणी जिल्ह्यातील एखाद्या जुन्या घरातले सागवानी कपाट पॉलिश पेपरने घासायला घेतले, की पोपडे थराथराने सुटतात. वर फिकट ऑइल पेंट असतो, त्याखाली गडद हिरवा किंवा निळा, त्याखाली काळसर तपकिरी लाखेचे पॉलिश आणि सर्वांत तळाशी सोनेरी झाक असलेला साग. अशी कपाटे, पेट्या, खुर्च्या भंगाराच्या भावात घ्यायच्या, अंगणात किंवा गच्चीवर बसून दुरुस्त करायच्या, रंगवायच्या आणि घरातूनच विकायच्या, हा व्यवसाय आज अनेकांना नवा वाटतो. परंतु लाकडाला रंग देऊन त्याचे मोल वाढवण्याचा व्यवहार या मुलखाला अनोळखी नाही. परभणी ज्या हैदराबाद संस्थानात होती, त्या संस्थानात तो राज्यकर्त्यांच्या आश्रयाने चालला होता. हा धागा त्या थरांचा इतिहास तळापासून वर मांडतो.

२.
पहिली गोष्ट अशी की, जुन्या मराठवाडी घरात 'फर्निचर' म्हणावे असे फारसे काही नव्हते. बसणे, जेवणे, निजणे जमिनीवर होई. पाट, चौरंग, घडवंची, बाज, ऐपतदाराकडे बंगई आणि पितळी कड्यांची संदूक, एवढ्यात लाकडी सामान संपे. वस्तू ठेवण्यासाठी भिंतीतच देवळ्या आणि फडताळे काढलेली असत. गावचा सुतार बलुतेदार होता. नांगर, तिफण, गाडी, चौकट ही त्याची मुख्य कामे, आणि मोबदला खळ्यावरच्या धान्यात. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे. बलुत्यात केलेल्या कामाला बाजारभाव नसतो. म्हणून खेड्यातले लाकूडकाम दीर्घकाळ विक्रीची वस्तू झालेच नाही.

३.
शब्दांनीही हा इतिहास जपला आहे. 'कपाट' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ दाराची फळी. भिंतीतल्या कोनाड्याला दारे बसली, पुढे तो कोनाडा भिंतीतून सुटून चार पायांवर उभा राहिला, तरी नाव दाराचेच राहिले. 'अलमारी' पोर्तुगिजांकडून आली, 'खुर्ची' अरबी कुर्सीवरून, 'तख्तपोस' फारसीतून, 'टेबल' इंग्रजीतून. म्हणजे उंचावर बसण्याची आणि उभ्या पेटाऱ्यात वस्तू ठेवण्याची रीत बाहेरून आली आणि आपली नावे सोबत घेऊन आली. सालारजंग पहिले यांच्या दिवाणगिरीत, १८६५ च्या सुमारास, हैदराबाद संस्थानात जिल्हाबंदी झाली. जिल्हा आला म्हणजे कचेरी आली, दप्तर आले, आणि दप्तरासोबत मेज, खुर्ची व कुलूपबंद कपाट आले. मराठवाड्यातल्या खुर्चीचा पहिला संबंध आरामापेक्षा अधिकाराशी होता. जमिनीवर बसलेल्या रयतेसमोर खुर्चीत बसलेला अंमलदार हे चित्र फार काळ टिकले.

४.
दुसरा धक्का रेल्वेने दिला. मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेची मीटरगेज वाट विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाली. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके तिच्यावर आली. पुढे पूर्णा–हिंगोली आणि परभणी–परळी या शाखा निघाल्या. कापूस बाहेर जाऊ लागला आणि लोखंड, काच, रॉकेल, रंगाचे डबे आत येऊ लागले. लाकडाचे कोठार पूर्वेला होते. आदिलाबाद जिल्ह्यातील सागाची जंगले संस्थानातच होती. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबादचाच भाग होता. परभणी जिल्हा स्वतः मात्र काळ्या मातीचा, उघडा मुलूख. जिंतूरकडचे डोंगर सोडले तर जंगल थोडकेच. येथे मोठा साग बहुधा बाहेरून येई, म्हणून तो जपून वापरला जाई आणि घर उतरवले तरी तुळया व दारे पुन्हा वापरात घेतली जात.

५.
साग इतका टिकतो तो त्याच्या अंगच्या तेलामुळे. त्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी सहसा पक्क्या सागाच्या वाटेला जात नाही. पाण्याने तो फारसा फुगत नाही आणि उन्हाने सहज पिळवटत नाही. मात्र हे गुण गाभ्याच्या लाकडाचे आहेत. सालीलगतचे फिकट लाकूड, ज्याला सुतार कच्चे लाकूड म्हणतात, ते कीड खाते. जुन्या कपाटाच्या मागच्या फळ्या भुसा होऊन गळतात आणि पुढची दारे शाबूत राहतात, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते: दर्शनी भागाला पक्का साग आणि मागे हलके लाकूड. जुने सामान घेणाऱ्याने आधी पाठ पाहावी हा कारागिरांचा नियम यातूनच आला.

६.
आता सागावरचा पहिला थर, लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पापुद्रे काढले की चपडा लाख तयार होते. संस्कृतातील 'लाक्षा' ही हीच. महाभारतातले लाक्षागृह मराठी माणसाला कीर्तनांतून ठाऊक आहे. बांगड्या, लाखोटे, खेळण्यांवरचा तुळतुळीत रंग, दागिन्यांच्या पोकळीतले भरण, सगळीकडे ती आहे. सुताराच्या चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर चढते. पाळण्याचे खूर, बंगईचे दांडे, लाटणी आणि भोवरे असे रंगत. ब्रशाची गरजच नव्हती.

७.
याच लाखेने युरोपात वेगळा जन्म घेतला. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख कापडाच्या गुंडाळीने लाकडावर गोल गोल फिरवत, पातळ पातळ थर चढवत आरशासारखी चकाकी आणण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधून इंग्लंडमध्ये रूढ झाली. तिला फ्रेंच पॉलिश म्हणतात. हिंदुस्थानातून निर्यात झालेली लाख या नावाने आणि या रीतीने इंग्रजांबरोबर परत आली, आणि आपल्या सुतारांनी तिला 'स्पिरिट पॉलिश' असे सुटसुटीत नाव दिले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच होत्या. या पॉलिशचा दोष असा की गरम पेला किंवा ओले भांडे ठेवले की पांढरा डाग उठतो. गुण असा की नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. म्हणून शंभर वर्षांचे लाखेचे पॉलिश न खरवडता दुरुस्त करता येते. हा मुद्दा पुढे कामी येईल.

८.
दुसरा थर तेलरंगाचा. तेलरंगाचा प्राण म्हणजे हवेत वाळून घट्ट होणारे तेल. जवसाचे तेल यात अग्रेसर, आणि करडईचे तेलही रंगाला चालते, कारण ते कमी पिवळे पडते. जवस आणि करडई ही दोन्ही मराठवाड्याच्या रब्बीची जुनी पिके. १९७२ मध्ये परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने करडईचे जे वाण दिले, त्यातील एकाचे नाव 'परभणी कुसुम' असेच आहे. अशा तेलबियांच्या मुलखात डबाबंद रंग मात्र शहरातल्या कारखान्यांतून आला. शालिमार पेंट्सचा कारखाना १९०२ मध्ये कोलकात्याजवळ निघाला आणि एशियन पेंट्सची सुरुवात १९४२ मध्ये मुंबईत झाली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटलेला, हाती ब्रश घेतलेला 'गट्टू' रंगाच्या डब्यांवर झळकू लागला.

९.
या कंपनीच्या वाटचालीत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. महाराष्ट्रात पोळ्याला बैलांची शिंगे रंगवतात. त्यासाठी शेतकऱ्याला मोठा डबा नको, लहानसा हवा. ही गरज ओळखून लहान डबे खेड्यापाड्यांत पोचवले गेले आणि तेथून कंपनीचा पाया विस्तारला. बैलाच्या शिंगावरचा रंग आणि कपाटाच्या दारावरचा रंग हे एकाच डब्याचे भाऊ आहेत. सणासुदीला, लग्नकार्याला दारे, खिडक्या, पेट्या, पाळणे रंगवण्याची चाल पडली. पॉलिशला कुशल हात लागत, रंगाला ब्रश आणि एक दुपार पुरे. शिवाय रंग झाकतो: जोडलेली फळी, कच्चे लाकूड, लांबी भरलेली भेग, सगळे एका सपाट हिरव्याखाली नाहीसे होते. सागाचे देखणे रेषाकाम झाकले गेले, याची खंत तेव्हा कोणाला नव्हती. तेव्हा रंग हेच नवेपण होते.

१०.
पण याच संस्थानात एक गाव असे होते, जिथे रंग झाकण्यासाठी नव्हे, तर मोल चढवण्यासाठी दिला जाई. ते गाव म्हणजे निर्मल. पाथरी, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतून वाहणारी गोदावरी नांदेडनंतर तेलंगणात शिरते. तिच्या उत्तरेस, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात निर्मल आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडचे टोक याच नावाने ओळखले जाते. गावचा शासक निम्मा नायडू याने सतराव्या शतकात नक्काश कारागिरांना आश्रय दिला, असे परंपरा सांगते. हे नक्काश पोनिकी नावाच्या अत्यंत हलक्या, मऊ लाकडाची खेळणी, फळे, प्राणी कोरत. चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधे भरत, वर पांढऱ्या मातीचा लेप देत आणि मग रंगवत. सोनेरी रंगकाम ही त्यांची खासियत होती.

११.
विसाव्या शतकात दरबारी मागणी ओसरली तशी ही कला अडचणीत आली. तिला पुन्हा उभे करण्यात लेडी अमीना हैदरी यांचा पुढाकार निर्णायक ठरला. त्यांचे पती सर अकबर हैदरी १९३७ ते १९४१ या काळात संस्थानाचे पंतप्रधान होते. निर्मलचे कारागीर हैदराबादेत आणले गेले आणि खेळण्यांवर चालणारा त्यांचा हात टेबले, पडदे, पेट्या, तबके, खुर्च्या यांच्यावर फिरू लागला. चित्रविषय म्हणून मुघल लघुचित्रे आणि अजिंठ्याच्या आकृती निवडल्या गेल्या. याच काळात संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी अजिंठ्यावरील आपले खंड प्रसिद्ध करत होते. त्यामुळे मराठवाड्यातल्या लेण्यांतली नायिका तेलंगणातल्या कारागिराच्या हातून काळ्या चकचकीत टेबलावर उतरली आणि हैदराबादच्या दिवाणखान्यात जाऊन बसली.

१२.
तो काळा चकचकीत पृष्ठभाग मात्र मुळीच प्राचीन नव्हता. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचा एक रंग काढला, 'ड्यूको'. तोवर मोटारीचा रंग वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. ड्यूकोत तेल वाळण्याची वाट पाहायची नव्हती, कारण द्रावक उडून गेला की रंग घट्ट होई. त्याचा फवारा मारता येई आणि घासून आरशासारखा करता येई. निर्मलच्या कारागिरांनी पुढे हाच रंग आपलासा केला. मोटारीच्या कारखान्यातला शोध विसाव्या शतकाच्या मध्यास एका पारंपरिक कलेची ओळख बनला. आजही मराठी सुतार फवाऱ्याच्या चकचकीत रंगाला 'डुको' म्हणतो. या शब्दामागे एका कंपनीचे नाव आहे, हे बहुधा त्याला ठाऊक नसते. परंपरा म्हणजे न बदलणारी सामग्री, ही समजूत येथे मोडते.

१३.
निर्मलच्या पुनरुज्जीवनातून एक आर्थिक सत्यही दिसते. टेबल घडवणाऱ्या सुतारापेक्षा ते रंगवून सजवणाऱ्याला आणि त्याहून अधिक ते मांडून विकणाऱ्याला पैसा मिळतो. १९५५ मध्ये निर्मल गावात कारागिरांची सहकारी संस्था स्थापन झाली, ती या साखळीत कारागिराला जागा मिळावी म्हणून. लगेच पुढच्या वर्षी राज्यपुनर्रचना झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी परभणीसह मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि निर्मल आंध्र प्रदेशात. किनवट इकडे आले, आदिलाबाद तिकडे राहिले. सागाचे जंगल, नक्काशांचे गाव आणि मराठवाड्याची बाजारपेठ यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. औरंगाबादकडे हिमरू राहिले, पैठणकडे पैठणी राहिली. सजवलेल्या लाकडी सामानाची ओळख सांगणारे गाव मात्र मराठवाड्याच्या वाट्याला आले नाही.

१४.
महाराष्ट्रात असे गाव दुसऱ्या टोकाला होते, सावंतवाडी. तेथील चितारी कुटुंबे लाकडी खेळणी, पाट, चौरंग यांवर लाखेचे रंगकाम करत आणि गंजिफाची गोल पाने रंगवत. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पाने असतात. छापील पत्त्यांपुढे हा खेळ मागे पडला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पाने रंगवणारे जुने हात बोटांवर मोजण्याइतके उरले. तेव्हा संस्थानिक घराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ही कला शिकून घेतली, तरुणांना शिकवली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच कार्यशाळा उभी केली. गंजिफावरचे दशावतार आणि नक्षीच्या पट्ट्या चौरंगांवर, खुर्च्यांवर, टेबलांवर आल्या. माल राजवाड्यातच रंगे आणि तेथेच विकला जाई. 'घरातून विक्री'चे याहून ठसठशीत उदाहरण मराठी मुलखात क्वचितच सापडेल.

१५.
निर्मल आणि सावंतवाडी या दोन उदाहरणांत एक साम्य आहे. दोन्हीकडे मूळ वस्तू, म्हणजे खेळणे आणि पत्ता, बाजारात चालेनाशी झाली, तेव्हा तीच नक्षी फर्निचरवर नेण्यात आली. दोन्हीकडे मदतीचा हात सत्ताधारी किंवा माजी सत्ताधारी घरातून आला. आणि दोन्हीकडे ग्राहकाने नुसते टेबल विकत घेतले नाही, त्यासोबत गावाचे नाव घेतले. निर्मलच्या फर्निचरला आज भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. परभणीतल्या जुन्या कपाटाला असे कोणते नाव नाही. ते कोणी केले, कोणत्या गावी केले, हे कपाटावर लिहिलेले नसते. त्याचा इतिहास त्याच्या थरांत तेवढा असतो.

१६.
मग हे सामान घराबाहेर पडले कसे? १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातील जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये कूळ कायदा आला. मोठ्या वाड्यांचे उत्पन्न आटले. पुढच्या पिढ्यांत वाटण्या झाल्या. एका दिवाणखान्याचे तीन भाग झाले की सहा फुटी पलंग कोणाच्याच भागात मावत नाही. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवायला घेतली होती. स्वातंत्र्यानंतर लोखंडी कपाट लग्नातल्या देण्याघेण्यात प्रतिष्ठेचे ठरले आणि लाकडी कपाट माजघरातून परसात, परसातून गोठ्यात गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर–उस्मानाबाद भागात दगडमातीची घरे माणसांवर कोसळली. त्यानंतर माळवदाच्या घराकडे मराठवाडा पूर्वीच्या विश्वासाने पाहू शकला नाही. वाडा उतरवला की दगड, लाकूड आणि लोखंड वेगवेगळ्या गाड्यांतून जाते.

१७.
या कथेत एक दुखरा पदरही आहे. रझाकारांच्या दहशतीच्या काळात मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांनी गावे सोडून सीमेपलीकडे आश्रय घेतला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले आणि लूट झाली, आणि तेथूनही माणसे परागंदा झाली. सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली. अशा उलथापालथीत घरे आणि घरातल्या वस्तू हातोहात बदलतात. त्यामुळे 'वडिलोपार्जित' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जुन्या वस्तूचा पूर्वज एकच असतो असे नाही. दारावरच्या वेलबुट्टीवरून, कोरलेल्या अक्षरावरून, कमानीच्या घाटावरून पहिल्या घराचा अंदाज लागतो. रंगाचे यंत्र फिरवून ते अक्षर घासून टाकले की तो एकमेव पुरावाही जातो.

१८.
आज उतरवलेल्या वाड्यांच्या लाकडाला मुंबईत मोठी बाजारपेठ आहे. चोर बाजारातील मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरी–ओशिवऱ्याची दुकाने जुन्या फर्निचरसाठी, कोरीव खांबांसाठी आणि दारांसाठी प्रसिद्ध आहेत. खेड्यात जळणाच्या किंवा भंगाराच्या तोलाने गेलेले दार तेथे काचेखाली जेवणाचे टेबल होऊन उभे राहते. या दोन किमतींमधले अंतर हीच घरगुती व्यावसायिकाची संधी आहे. काम गावात झाले तर मजुरी आणि नफा गावात राहतो. येथे कायद्याचे भान मात्र हवे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. पुरावशेषांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्यांची निर्यात करता येत नाही. साधी खुर्ची आणि कोरीव देवघर यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

१९.
याहून तातडीचा प्रश्न आरोग्याचा आहे. जुन्या तेलरंगांत शिसे सर्रास असे: पांढऱ्यात, पिवळ्यात, नारिंगी-तांबड्यात. देवाला लावला जाणारा पारंपरिक शेंदूर हाही शिशाचाच ऑक्साइड. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग इतकी ठरवणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे त्याआधीचा कोणताही थर संशयास्पद मानणे शहाणपणाचे. असा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ उडते, जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. कारखान्यात हे काम करणारा माणूस संध्याकाळी घरी जातो. घरातच काम करणाऱ्याचे घर म्हणजेच कारखाना असतो. म्हणून ओले करून घासणे, मुलांना दूर ठेवणे, चांगला मुखपट्टा वापरणे, पोपडे गोळा करून वेगळे टाकणे आणि कामाचे कपडे घरच्या धुण्यात न मिसळणे ही किमान शिस्त आहे.

२०.
आता नेहमीचा वाद: जुने लाकूड घासून उघडे करावे की रंगवावे? १९९० मध्ये ब्रिटनमधील ॲनी स्लोन यांनी 'चॉक पेंट' काढला आणि जुने फर्निचर मंद, खडूसारख्या रंगात रंगवण्याची लाट जगभर पसरली. ती आता येथेही आली आहे. निर्णय वस्तूकडे पाहून करावा. आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवला आणि थर चिकट होऊन सुटला, तर ते लाखेचे पॉलिश आहे. त्याला खरवडायची गरज नाही, हलके पुसून नवा हात देता येतो. साग पक्का आणि काम कोरीव असेल तर रंगाने नुकसान अधिक. मिश्र लाकडाचे, जोडाजोडीचे कपाट असेल तर रंगच त्याला नवे आयुष्य देतो. रंगवायचेच असेल तर आधी लाखेचा पातळ हात द्यावा. त्याने सागाचे डाग वर फुटत नाहीत, रंग लाकडाच्या छिद्रांत शिरत नाही आणि उद्या कोणाला तो काढावासा वाटला तर काढणे सोपे जाते. जे केले ते पुढच्या माणसाला परत फिरवता यावे, हा जतनशास्त्राचा नियम चपड्याच्या दोन मुठींत पाळता येतो.

२१.
परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथे असे काम करणाऱ्यांच्या पाठीशी ना निजामाची तिजोरी आहे, ना राजवाड्याचा दरबार हॉल. परंतु निर्मल आणि सावंतवाडी यांचा धडा त्यांना फुकट उपलब्ध आहे: वस्तूबरोबर तिची ओळख विकली जाते. कपाटाच्या मागच्या फळीवर एक चिठ्ठी चिकटवायला खर्च येत नाही. कोणत्या गावातून आले, लाकूड कोणते, कोणते थर सापडले, कोणते ठेवले, कोणते काढले, सुतारकाम कोणी केले, पॉलिश कोणी केले, साल कोणते. बलुत्याच्या काळात सुताराचे नाव अख्ख्या गावाला ठाऊक होते, म्हणून ते लिहावे लागत नव्हते. आता वस्तू परक्या शहरात जाते. तेथे ते नाव सांगायला ती चिठ्ठीच असेल, आणि पुढच्या वेळी त्याच सुताराला दोन रुपये अधिक मागण्याचा आधारही तीच देईल.